तळघरातला देव

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे जर्मनीत वाल्डॉर्फला आल्या, तो जून महिना होता. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. गावी मोठे दीर, जाऊबाई, उसाची शेती, दारात म्हशी, सगळं होतं, पण त्या नीट जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, असं जाऊबाई फोनवर सांगायच्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "तीन महिने तुमच्याकडं न्या. जरा हवापालट होईल." माझा नवरा तिथे सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी घरी बसून भाषांतराची कामं करायचे. मुलगी पाच वर्षांची, किंडरगार्टनला जाणारी. तिला मराठी सगळं कळायचं, पण तिचं उत्तर यायचं ते जर्मनमधूनच.

माझं सासर सांगलीकडचं, नदीकाठचं. अर्धं गाव जैन आणि तेही शेती करणारं. माझं माहेर पुण्याचं. आम्हीही जैनच, पण कांदा-बटाटा खाणारे आणि देवळात सणावारी जाणारे. त्यामुळे सासूबाई येणार म्हटल्यावर मी आठवडाभर आधी फडताळ धुऊन काढलं, बटाटे संपवले, लसणाची चटणी शेजारणीला देऊन टाकली. तरी मनात धाकधूक होतीच.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नियम. संध्याकाळी सहाला मी पान वाढलं, त्या जेवल्या आणि खिडकीशी बसल्या. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. समोरच्या घरांच्या कौलांवर अजून ऊन होतं. त्यांनी मला हाक मारली.

"अगं, हितं सूर्य बुडतोय का न्हाई?"

"बुडतो आई, पण साडेनऊला. तुम्हाला भूक लागली असेल तर अजून जेवता येईल. नियम मोडणार नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "नगं," म्हणाल्या. "सूर्य हितला हाय, पोट गावाकडचं हाय."

पाणी त्या गाळूनच प्यायच्या. नळाला जाड पांढरं फडकं बांधलं होतं त्यांनी. फडक्यात राहिलेले जीव जिथलं पाणी तिथंच परत सोडायचे असतात, आणि नळाचं पाणी कुठून येतं ते आम्हाला कुणालाच नीट सांगता येईना. मग त्या फडकं एका वाटीत उलटं धुऊन ते पाणी नातीबरोबर जाऊन मागच्या ओढ्यात सोडून यायच्या. वाटी धरायचा मान नातीचा. ती रस्त्यात भेटेल त्याला जर्मनमध्ये सांगायची, "आम्ही लहान प्राण्यांना घरी पोचवायला चाललोय." लोक वाटीत डोकावून बघायचे आणि काही दिसलं नाही तरी मान डोलवायचे.

तिसऱ्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा केला. सासूबाईंनी वाटी हळूच बाजूला सारली. चौथ्या दिवशी खीर, तीही तशीच. मला वाटलं, माझ्या हातचं आवडत नाही. रात्री मी नवऱ्याला म्हटलं. सकाळी त्याने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं.

देव बघितल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नियम. जर्मनीला निघायच्या आधी त्या गावात आलेल्या मुनिमहाराजांकडे गेल्या होत्या. तिथं देऊळ नाही, मी काय करू, म्हणून विचारलं. महाराज म्हणाले, सकाळी पूर्वेला तोंड करून णमोकार मंत्र म्हणा, मनात मूर्ती आणा, मग जेवा. पण दर्शन होत नाही तोवर एक रस, म्हणजे एक चव, सोडा. सासूबाईंनी गोड सोडलं. त्यांना गोड किती आवडतं ते मला माहीत होतं. चहात त्या दोन चमचे साखर घ्यायच्या. आता बिनसाखरेचा चहा निमूट पीत होत्या.

"महाराजांनी सूट दिलीय ना आई," नवरा म्हणाला, "मग कशाला जिवाला त्रास?"

"सूट न्हाई दिली, बाळा. बदली दिली."

त्या दोघांत तेव्हा एकूणच बोलणं कमी होतं. सासरे गेले तेव्हा त्याला इथून पोचायला दोन दिवस लागले होते. आमच्यात मृतदेह ठेवत नाहीत. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुणी त्याला दोष दिला नाही, त्यानेही काही विचारलं नाही. पण तेव्हापासून आई आणि मुलगा हवापाण्याचं बोलायचे, ऊस कितीचा झाला ते बोलायचे, वडिलांचं नाव निघालं की दोघांपैकी एक जण उठून जायचा.

महिन्याकाठी आम्ही पिठासाठी कार्ल्सरूहेच्या भारतीय दुकानात जायचो. त्या महिन्यात गेलो तेव्हा माझ्यापुढे एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, वरून करड्या रंगाचं लोकरी जाकीट, पायात मोजे. त्या दुकानदाराला अस्खलित जर्मनमध्ये विचारत होत्या की या पापडात लसूण नाही, याची तो खात्री देतो का. तो म्हणाला, पाकिटावर लिहिलेलं नाही. "लिहिलेलं नाही आणि घातलेलं नाही, यात फरक आहे," असं त्या म्हणाल्या आणि पाकीट परत ठेवलं.

मी मागून म्हटलं, "जय जिनेंद्र."

त्या इतक्या गर्रकन वळल्या की मीच दचकले. त्या गुजराती, पण लग्नाआधी मुंबईत वाढलेल्या, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी यायचं. नवरा तीस-पस्तीस वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून आला होता, आता हयात नव्हता. मुलगा बॉनला टेलिफोन कंपनीत, शनिवार-रविवारी यायचा. सगळे त्यांना बा म्हणत. मी सासूबाईंच्या नियमाबद्दल सांगितलं, तर बा म्हणाल्या, "माझ्या घरी भगवान हाय. तळघरात. तुमी त्यांना घेऊन या."

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. बांचं घर गावाच्या कडेला, रांगेतलं, पुढे गुलाबाची झाडं. जिना उतरून खाली गेलं की आधी वॉशिंग मशीन, मग हीटिंगची टाकी, आणि त्यापलीकडे एक दार. आत खोली एवढीशी, पण संगमरवरी फरशी, चंदनाचा वास, आणि लाकडी देव्हाऱ्यात वीतभर उंचीची पंचधातूची मूर्ती. मूर्तीला चांदीचा मुकुट होता, अंगावर चकाकणारी आंगी, गळ्यात हार.

सासूबाई उंबऱ्याशी थबकल्या. बा श्वेतांबर, आम्ही दिगंबर. आमचा देव निर्वस्त्र, काही न ल्यालेला, डोळे अर्धवट मिटलेला. मुकुट घातलेला देव त्यांनी पुण्या-मुंबईच्या देवळांबाहेरून बघितला असेल तेवढाच. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलत राहिले. डोळे उघडले ते वळून जिन्याकडे बघतच.

वर बांनी चहा केला. सासूबाईंनी साखर नको म्हणून सांगितलं. बा त्यांच्याकडे बघत राहिल्या. परतताना गाडीत मी विचारलं, "दर्शन झालं का आई?"

"डोळं मिटून झालं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बाई लई चांगली हाय. पण आपला देव तसा नसतोय गं. मला कसंतरीच झालं. त्या बाईला वाईट वाटलं असंल."

बुधवारी बांचा फोन आला. "तुमच्या सासूबाईंना सांगा," त्या म्हणाल्या, "तुमी दुपारी आले, तेव्हा आंगी चढलेली होती. सकाळी पखाल करते मी, भगवानाची आंघोळ. तेव्हा सगळं उतरवते. मुकुट नाही, हार नाही, काही नाही. तेव्हा भगवान तुमचे नाही न् माझे पण नाही. सकाळी आठला या."

मी निरोप सांगितला. सासूबाई गवार निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "असं म्हणाल्या त्या?" एवढंच विचारलं आणि पुन्हा शेंगा मोडायला लागल्या. पण शनिवारी मी उठले तर त्या आंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून दाराशी खुर्चीत बसलेल्या होत्या. पिशवीत धुतलेले तांदूळ आणि बदाम.

त्या दिवशी तळघराच्या दारात आम्ही उभे होतो आणि बांनी एकेक करून सगळं उतरवलं. हार, आंगी, शेवटी मुकुट. एका ताटात ठेवून ताट फडक्याने झाकलं. मग बाजूला झाल्या. सासूबाई पुढे झाल्या आणि देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकून बसल्या. बराच वेळ बघत होत्या. डोळे उघडेच होते. मग त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं आणि ते लवकर उचललंच नाही. खांदे हलत होते. वर्षभरात त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या, असं जाऊबाई सांगायच्या. माझी मुलगी घाबरून मला बिलगली. बांनी तिला जर्मनमध्येच हळू सांगितलं, "आज्जीला एक ओळखीचं माणूस भेटलं, म्हणून."

बांनी पाण्याचा कलश सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी विचारलं, "मी घालू? चालंल तुमच्यात?"

"पाणी पाणी हाय, बेन," बा म्हणाल्या.

त्यांनी मूर्तीवर धार धरली. ते पाणी, गंधोदक, स्वतःच्या कपाळाला, डोळ्यांना लावलं, नातीला लावलं, मला आणि नवऱ्यालाही. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यापर्यंत पोचायला त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या.

वर चहाला बसलो. सासूबाईंनी साखरेचा डबा स्वतःच ओढला आणि दोन चमचे घातले. बा आत गेल्या आणि मोहनथाळाचं ताट घेऊन आल्या. तो आधीच करून ठेवलेला होता.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी आम्ही जायचो. शनिवारी गोड आणि बाकीचे दिवस बिनसाखरेचा चहा. दोघी म्हाताऱ्या बागेत बसून बोलत राहायच्या, एक सांगलीकडचं मराठी, दुसरी घाटकोपरचं. किती कळत असेल, देव जाणे. दोघीही आपापल्या नवऱ्याबद्दल बोलत असाव्यात, कारण मध्येच एक गप्प व्हायची आणि दुसरी तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. ऑगस्टअखेर सासूबाई परत गेल्या. पर्युषणाला त्यांना गावी असायचं होतं.

खरी गोष्ट पुढे घडली.

जानेवारीत बांचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर काही आठवडे रेहाला, म्हणजे चालायला पुन्हा शिकवतात त्या केंद्रात, राहायचं होतं. त्यांना स्वतःची काळजी नव्हती. "भगवानाला एकटं ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "रोज पूजा पाहिजे. मुलगा बॉनला. तो चांगला हाय, पण सगळं खातो. तुमी न्याल?"

मी गडबडले. मला पूजा येत नाही, तुमची पद्धत तर त्याहून नाही, असं म्हटलं.

"तुमच्या पद्धतीने करा. आंघोळ करून पाणी घाला, पुसा, हात जोडा. मुकुट मी देत नाही बरोबर. तो कपाटात ठेवते. तुमच्या घरी भगवान तसेच बसतील."

रात्री नवऱ्याला सांगितलं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, एरवी अरे-तुरेच. "अरे, काय करायचं?"

"जमणार आहे का आपल्याला?" तो म्हणाला. "मी देवळात जाऊन किती वर्षं झाली, माहीत आहे ना?" मग उठून गेला, आणि मला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून खडबड ऐकू आली. बघते तर तो व्हॅक्यूम क्लीनर आणि स्कीचे बूट बाहेर काढत होता.

मूर्ती आणली त्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. मी मागच्या सीटवर पितळी ताट मांडीवर घेऊन बसले, ताटात रेशमी वस्त्रात गुंडाळलेली मूर्ती. आउटोबानवर एरवी दीडशेने जाणारा माझा नवरा उजव्या लेनमध्ये मालाच्या ट्रकांच्या मागे ऐंशीने चालला होता. मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, तू म्हाताऱ्या आजोबांसारखी गाडी चालवतोयस." त्याने आरशातून मागे बघितलं. "आज तशीच चालवायची असते," म्हणाला.

अडगळीच्या खोलीत स्टुलावर पांढरं कापड घालून देव बसले. आमच्या घरातला कांदा-बटाटा त्या दिवशी बंद झाला. मुलगी कुरकुरली, पण किंडरगार्टनमध्ये दुपारी बटाटेच असायचे, त्यामुळे तिचं फारसं बिघडलं नाही. सासूबाई कॉलिंग कार्डवरच्या फोनवर सूचना द्यायच्या: पाणी गाळून घे, हात वल्ले ठेवू नको, पुसताना घासू नको, लेकराला पुसतीस तसं टिपून घे. सकाळी उजाडलं की मी पूजा करायचे. पहिले दिवस भीतीभीतीने, मग जरा सवयीने.

मग माझे चार दिवस आले. आमच्यात त्या दिवसांत मूर्तीला हात लावत नाहीत. मला स्वतःला ते पटत होतं असं नाही, पण मूर्ती बांची होती आणि विश्वास त्यांनी टाकला होता. मी नवऱ्याला सांगितलं.

तो म्हणाला, "ऑफिसला ग्लाइटझाइट आहे, उशिरा गेलो तरी चालेल." सकाळी त्याने आंघोळ केली, धुतलेला पंचा नेसला. हीटर असूनही अंगावर काटा आलेला दिसत होता. मी स्वयंपाकघरातच थांबले. आतून आधी फक्त पाण्याचा आवाज आला. आणि मग त्याचा आवाज. तो अभिषेकाचा पाठ म्हणत होता.

मी हातातलं काम ठेवलं. मला हे येतच नाही, लहानपणी देवळात नुसता पायरीवर बसायचो, असं त्याने मला लग्नात सांगितलं होतं. आणि आता तो म्हणत होता, सासऱ्यांच्याच चालीत, त्यांच्यासारखंच ओळीच्या शेवटी खाली उतरत. एक कडवं झालं. दुसऱ्याला अडखळला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळला. दार उघडलं आणि तो तसाच, ओल्या अंगाने बाहेर आला. "फोन दे," म्हणाला. "नको, तूच लाव. माझे हात ओले आहेत."

मी गावी फोन लावला आणि त्याच्या कानाशी धरून उभी राहिले. तिकडे दुपार होती. सासूबाईंनी घेतला.

"आई," तो म्हणाला, "दुसरं कडवं अण्णा कसं म्हणायचे?"

सासूबाईंनी म्हणायला सुरुवात केली. आवाज बारीक, पण चाल तीच. तो त्यांच्या मागोमाग म्हणत गेला. एका ठिकाणी थांबला.

"अण्णा असं नव्हते म्हणत. ते इथं 'निर्मळ'च्या जागी काहीतरी वेगळं म्हणायचे."

"ती त्यांची चूक हुती बाळा. कितींदा सांगितलं, ऐकलं न्हाई. तू बरोबर म्हण."

"नाही," तो म्हणाला. "मी त्यांचंच म्हणतो."

मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या दिवशी काय झालं, सांगू का तुला?"

तो जमिनीवर, दाराशी बसला. मी फोन त्याच्या हातात दिला आणि मुलीला घेऊन तिला बूट घालायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आले तेव्हा पंचा अंगावरच वाळला होता आणि तो अजून बोलत होता. त्या दिवशी तो ऑफिसला गेला ते दुपारीच.

चार दिवस संपले. पाचव्या दिवशी सकाळी मी पूजेसाठी उठले तर तो आधीच आंघोळीला गेलेला. पुढे बा परत येईपर्यंत पूजा त्यानेच केली. मी फुलं आणि पाणी द्यायचे.

मार्चमध्ये बा घरी आल्या, हातात काठी घेऊन. आम्ही मूर्ती परत नेली. तिथे नवी अडचण उभी राहिली. तळघराचा जिना त्यांना एकटीने उतरता येईना. मुलगा म्हणाला, देव वर आणू. बा तयार होईनात. नवऱ्याने आणि बांच्या मुलाने मिळून एका शनिवारी भिंतीला दुसरा कठडा बसवला. रोज सकाळी शेजारची जर्मन बाई बांना धरून खाली नेऊ लागली. आत येत नसे, वॉशिंग मशीनपाशी उभी राहून वाट बघे. शनिवारी मात्र ते काम माझ्या नवऱ्याचं. तो आता एकटाही जायचा, आम्ही नसलो तरी. घाई केली की बा त्याला रागवायच्या, "लांगसाम, बेटा, लांगसाम," हळू.

त्या जूनमध्ये सासूबाई पुन्हा आल्या. विमानतळावर त्यांनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोघं सामानाच्या ढकलगाडीशी उभे राहून सासऱ्यांच्या विहिरीबद्दल काहीतरी बोलून हसले. पहिल्याच शनिवारी आम्ही बांकडे गेलो. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून दारातच उभ्या होत्या, आणि तेवढ्यात सासूबाईंच्याही गुडघ्यांनी हल्ली त्रास द्यायला सुरुवात केल्याचं बोलणं निघालं. जिना अरुंद. तिघांना शेजारी शेजारी उतरता येईना. मग माझा नवरा पुढे झाला, जिन्याकडे पाठ करून उभा राहिला, एक हात बांना दिला, एक आईला, आणि उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरत दोघींना खाली घेऊन गेला.